जाणाऱ्या मुलींची नावं

नवी मतदार यादी संगणकावर आली की मी एक उद्योग करते, जो घरात कुणाला ठाऊक नाही. जुन्नरकडच्या गावांच्या याद्या एकेक करून उघडते आणि त्यात एका नावाच्या, माझ्या वयाच्या बायका शोधते. आडनाव मला माहीत नाही. नवऱ्याचं नाव माहीत नाही. गावही नक्की कुठलं ते ठाऊक नाही. एवढ्याशा माहितीवर शोधायला बसणाऱ्या माणसाला मी ऑफिसात चार शब्द सुनावले असते. पण स्वतः बसते. चष्मा पुसते आणि पुढचं पान उघडते.

ती माझी मैत्रीण. आम्ही बिबवेवाडीत एका गल्लीत वाढलो, मध्ये चार घरं. तिचे वडील मार्केट यार्डात हमाल होते आणि आई आमच्या गल्लीच्या तोंडाशी भरणाऱ्या छोट्या मंडईत भाजी विकायची. माझे वडील बँकेत. आमच्या घरात आवाज चढवणं असभ्य समजलं जायचं, त्यांच्या घरात आवाज चढवल्याशिवाय कुणाला ऐकूच जायचं नाही. मला तिच्या घरी जास्त करमायचं.

आम्हा दोघींना पहिलीपासून शिकवणाऱ्या बाई महापालिकेच्या शाळेत होत्या. त्यांची एक पद्धत होती. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोराला किंवा पोरीला अठरा पूर्ण झाली की त्या दिवशी बाई दारात हजर. एका हातात मतदार नोंदणीचा अर्ज, दुसऱ्या हातात पेढा. पेढा एकच, ज्याचा वाढदिवस त्याला. बाकीच्यांनी नुसतं बघायचं. एक जूनला बाईंची फार धावपळ व्हायची, कारण निम्म्या गल्लीचा वाढदिवस एक जूनला असायचा. गावाकडून आलेल्या आईबापांना मुलाची तारीख आठवत नसली की शाळेत नाव घालताना बाईच एक जून टाकून द्यायच्या. "मीच जन्माला घातलीत, मीच मोठी करणार," असं वर म्हणायच्या. माझ्या मैत्रिणीचा वाढदिवसही तोच, बाईंनी दिलेला.

माझ्या वाढदिवसाला बाई आल्या तेव्हा वडील गल्लीतल्या गटारावर बोलत होते. नगरसेवक कसे, महापालिका कशी, या देशाचं काही व्हायचं नाही, वगैरे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपलं नाव यादीत आहे का?" वडील म्हणाले, बदलीनंतर घालायचं राहून गेलं. "असं का," बाई म्हणाल्या, "चहा छान झालाय." त्यानंतर त्या माझ्याशीच बोलल्या. वडिलांनी दुसऱ्या दिवशी निमूटपणे अर्ज आणला.

यादी दुरुस्तीचं काम दरवर्षी शिक्षकांच्या गळ्यात पडायचं. बाईंचे गुडघे दुखायला लागले होते. माझं अक्षर चांगलं आणि मैत्रिणीचा आवाज मोठा, म्हणून त्यांनी आम्हा दोघींना हाताशी धरलं. दार ती वाजवायची, बोलायची ती, लिहायचं मी. बाई खाली एखाद्या ओट्यावर पाणी पीत बसलेल्या असायच्या आणि आम्ही जिना उतरून आलो की "कोण वारलं, कोण वाढलं?" असं विचारायच्या. 

या फेऱ्यांत मला एक गोष्ट कळली, जी तोवर माझ्या डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. दार उघडणारी माणसं मुलाचं नाव हौसेनं सांगायची. मुलीचं विचारलं की म्हणायची, "तिचं कशाला? एक-दोन वर्षांत जाणार ती. सासरी घालतील की." यात दुष्टपणा काही नव्हता. रेशनकार्डातून नाव काढायचं, इकडून कमी करायचं, तिकडं घालायचं, हे खेटे कुणाला हवेत? पण गल्लीत घरोघरी वीस-बावीस वर्षांच्या मुली होत्या आणि यादीत त्या नव्हत्या. दाराआडून त्या आमच्याकडं बघत असायच्या.

मैत्रीण तावात आली की तिच्या तोंडी घरची भाषा यायची. "काकू, ती जाईल तेव्हा जाईल. आज कुठं हाय?" 

"आज इथंच आहे."

"मग नाव बी इथंच." आणि आत वळून, "ए, बाहेर ये गं. तुझं नाव तूच सांग."

मुलगी बाहेर यायची, आईकडं बघायची आणि हळूच पूर्ण नाव सांगायची. मी लिहायचे. शाळेच्या दाखल्यानंतर आपलं पूर्ण नाव कुणीतरी विचारून लिहितंय, हे त्यांच्यापैकी कित्येकींना पहिल्यांदाच घडत होतं. काही जणी अक्षर बरोबर आलंय का ते वाकून बघायच्या.

तिचा दुसरा उद्योग म्हणजे मंडईतल्या बायकांसाठी मुतारी. दिवसभर भाजी विकणाऱ्या बायकांची सोय कुठंच नव्हती. तिची आई सकाळपासून पाणी प्यायची नाही आणि संध्याकाळी डोकं धरून बसायची. दर सोमवारी मैत्रीण अर्ज घेऊन कचेरीत जायची आणि मी फाईल घेऊन तिच्या मागं. अर्ज दिला की ती शांतपणे म्हणायची, "पोच द्या." कारकून म्हणायचा, पोचायला नको का आधी वर? ती उभीच राहायची. शिक्का मारलेली प्रत हातात पडल्याशिवाय ती कधी परत फिरली नाही. येताना आम्ही दोघींत एक उसाचा रस प्यायचो आणि ती म्हणायची, पुढच्या सोमवारी साहेबांना बायकोची शपथ घालू. मी आयुष्यात पुढं पुष्कळ मिटिंगा केल्या, थंडगार खोल्यांत, काचेच्या टेबलांभोवती. त्या सोमवारांइतकं महत्त्वाचं काही आपण करतोय असं पुन्हा कधी वाटलं नाही. ते दिवस मला परत हवे आहेत. हे कुणाला सांगायची सोय नाही, कारण माझं चांगलं चाललं आहे.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. शहराला त्या दिवसांत एकच ध्यास होता. चौकाचौकांत कॉम्प्युटरचे क्लास, प्रत्येक घरात कुणाचा तरी भाचा अमेरिकेत. मलाही एका कंपनीचं पत्र आलं आणि वडिलांनी ते देवापुढं ठेवलं. त्याच सुमारास मैत्रिणीचा साखरपुडा झाला. मुलाकडचे हडपसरचे. जमीन कंपन्यांना गेलेली, बैलांच्या जागी मोटार आलेली, माणसं तशी बरी. लग्न वैशाखात ठरलं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही यादीची फेरी केली. बाईंचं नेमकं तेव्हाच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून याद्यांच्या स्वच्छ प्रती काढायचं काम माझ्यावर आलं. एक यादी नवीन नावांची, एक कमी करायच्या नावांची. कमी करायच्यात वारलेले, घर सोडून गेलेले आणि दोनदा आलेले. मी टेबलाशी बसले आणि मला एक अक्कल सुचली. ज्या मुलींची लग्नं ठरली आहेत त्यांची नावंही आत्ताच कमी करून टाकावीत. यादी छापून येईपर्यंत त्या जाणारच आहेत. मग पुढच्या वर्षी पुन्हा कोण त्या घरांचे जिने चढणार? एकाच कामाला दोनदा हात लावायचा नाही, असं कॉलेजात शिकवत होते आणि मी हुशार विद्यार्थिनी होते.

सात नावं निघाली. सातवं तिचं. लिहिताना मला हसू आलं होतं, ते मला पक्कं आठवतं. म्हटलं, तिला चिडवायचं, गेलीस बघ तू आमच्यातून. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "विवाहामुळे स्थलांतर." तिला विचारायला मला चार घरं ओलांडायची होती. तीन वर्षं मी दारोदार जाऊन नेमकं ह्याच विचाराविरुद्ध लिहिलं होतं, ती भांडत असताना तिच्या शेजारी उभी राहून. आणि एकटी टेबलाशी बसल्यावर मी त्या सगळ्या काकूंसारखीच निघाले.

बाईंच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. "नीट बघितलंस ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो बाई." सही कुठं करायची तिथं मी त्यांचं बोट नेऊन ठेवलं.

चिडवायचं मात्र राहून गेलं. मी कंपनीच्या कागदपत्रांत गुंतले.

महिन्याभरात वॉर्डांची सोडत निघाली आणि आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. नेहमीची मंडळी आपापल्या सौभाग्यवतींचे फोटो काढायला निघाली. पण मंडईतल्या बायका बाईंच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, आमची पोरगी उभी करा. बावीस वर्षांची मुलगी निवडणुकीला उभी राहते, हे तेव्हा ऐकलेलं नव्हतं. तिनं दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी तिनं हडपसरला निरोप धाडला. तिकडून उत्तर आलं की सुनेनं मतं मागत फिरणं आमच्यात चालत नाही, ठरवा काय ते. तिनं ठरवलं. साखरपुड्याची साडी आणि अंगठी तिच्या वडिलांनी स्वतः नेऊन दिली. परत आल्यावर ते ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "आता पडायचं न्हाई बरं का." ती म्हणाली, "पडले तर पडले. उभी तर ऱ्हाते."

मला तेव्हाही काही आठवलं नाही. खरं सांगते. मी तिच्यासाठी पत्रकाचा मजकूर लिहीत होते.

उमेदवारीच्या अर्जासोबत यादीतल्या नावाचा उतारा जोडायचा होता. तो आणायला आम्ही दोघी गेलो, नेहमीसारख्या, ती पुढं आणि फाईल घेऊन मी मागं. कारकुनानं पानं उलटली. तिच्या घराचा नंबर सापडला. वडील होते. आई होती. भाऊ होता. त्याच्याखाली शेजाऱ्यांचं घर सुरू झालं.

त्या क्षणी मला सगळं आठवलं. ते टेबल, ते सातवं नाव, ते हसू.

"परत एकदा बघा की," ती म्हणाली. त्यानं बघितलं. "परत एकदा." तो बिचारा चांगला माणूस होता, तिसऱ्यांदाही त्यानं बोट ठेवून बघितलं. मग म्हणाला, "ताई, यादी आता बंद झालीय. पुढच्या वेळेला बघा." यादीत नाव नाही म्हणजे उभं राहणं तर सोडाच, मतही देता येणार नव्हतं. आम्ही चालत परत आलो. उसाच्या गाड्यापाशी ती थांबली. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "आज पोच घ्यायची ऱ्हायली बघ," आणि पुढं चालायला लागली.

गल्ली सगळी कचेरीला शिव्या देत होती. सरकारी काम, दुसरं काय. मी त्या शिव्या ऐकत उभी राहिले आणि एक शब्द बोलले नाही. उद्या सांगू म्हटलं. मग परवा. मग मी ती भेटणार नाही अशा वेळा शोधायला लागले. वॉर्डात दुसऱ्याच एक बाई निवडून आल्या, सभेत त्यांचे पती बोलायचे. मुतारी पुढं कुणाच्या तरी काळात झाली. पाटीवर बरीच नावं आहेत.

मी कंपनीत लागले. सकाळी कोपऱ्यावरून बस न्यायची, हडपसरला, म्हणजे जिथं ती नांदायला जाणार होती तिथंच. खिडकीतून मला नव्या काचेच्या इमारती दिसायच्या आणि त्यांच्यामध्ये राहिलेला एखादा ज्वारीचा तुकडा. पुढच्या दिवाळीत ती दारात आली. "चल, फेरीला. बाई खाली बसल्यात." मी म्हटलं, शिफ्ट आहे. त्याच्या पुढच्या वर्षीही आली. जिन्यात उभी राहून म्हणाली, "तुझ्याशिवाय लिहिणार कोण? माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय." मी म्हटलं, अगं, या वेळेला खरंच नाही जमणार. ती हसली आणि गेली. त्यानंतर मला कंपनीनं परदेशी पाठवलं.

तिचं लग्न मी तिकडं असताना झालं. आईनं फोनवर सांगितलं, मुलगा जुन्नरकडचा, शेती आहे, माणसं साधी आहेत. आडनाव आईनं सांगितलंही असेल. माझं लक्ष त्यापेक्षा फोन लवकर ठेवण्याकडं होतं. पत्रिका नंतर कुठल्या तरी आवराआवरीत गेली. मी परत आले तोवर तिचे आईवडील गावी गेले होते आणि त्यांच्या घराच्या जागी चार मजले उभे होते. तिकडच्या गावात, बर्फात, मी कितीतरी रविवारी खिडकीशी बसून तिला मनातल्या मनात सगळं सांगितलं होतं. दर वेळी ती मला क्षमा करायची. मनातल्या माणसांना क्षमा करायला काय जातं?

मध्ये वीस वर्षं गेली. या काळात मी बाईंकडं दोनदा गेले, दोन्ही वेळा दसऱ्याला, दोन्ही वेळा दहा मिनिटं.

गेल्या वर्षी माझ्या मुलीला अठरा पूर्ण झाली. मी अर्जाचं काढलं तर ती मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, "आई, मी दोन-तीन वर्षांत मास्टर्सला बाहेर जाणारच आहे ना? मग व्हॉट्स द पॉइंट? उगाच नाव घालायचं आणि काढायचं."

मी तिच्यावर इतकी भडकले की ती घाबरली. एका अर्जासाठी आई एवढी का ओरडते हे तिला कळेना, आणि मला सांगता येईना. शेवटी मी म्हटलं, चल, कपडे बदल. अर्ज पर्समध्ये टाकला, वाटेत एक पेढा घेतला. दुकानदार म्हणाला, एक? मी म्हटलं, हो, एकच.

बाई आता ऐंशीच्या पुढं. घर तेच, खुर्ची तीच, डोळे मात्र फार कामाचे राहिले नाहीत. मुलीला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "जन्मतारीख खरी आहे, का एक जून?" मुलगी हसली. मग तिनं त्यांनाही तेच सांगितलं, मी जाणारच आहे म्हणून. बाईंनी तोंड माझ्याकडं वळवलं आणि तसंच ठेवलं.

मी म्हटलं, "बाई, त्या वर्षीच्या यादीत तिचं नाव मी कमी केलं होतं. न विचारता."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "सही माझी होती. मी एक डोळा झाकून सही केली, तो माझा गुन्हा."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तिनं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी एकटी गेली कचेरीत आणि कमी केलेल्या नावांचा कागद दाखवा म्हणून बसून राहिली. बघितल्याशिवाय हलणारी होती का ती? तुझं अक्षर तिला ओळखायला कितीसा वेळ? तिथून सरळ इथं आली. तू बसलीयस तिथंच बसली."

"काय म्हणाली?"

"आधी रडली. मग म्हणाली, बाई, मला समजलंय हे तिला कळू देऊ नका. लाजेल ती. परत यादीच्या कामाला यायची नाही." बाईंनी पदरानं डोळे पुसले, ते पाण्यामुळं की सवयीनं, मला सांगता येणार नाही. "आणि तू तशीही आली नाहीसच."

माझी मुलगी माझ्याकडं बघत होती. तिनं पेढा अर्धा खाल्ला होता आणि उरलेला हातात तसाच धरला होता. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आजी, पेन आहे?"

म्हणजे त्या दोन दिवाळ्यांना मैत्रीण माझ्या दारात आली, तेव्हा तिला सगळं माहीत होतं. लग्न मोडलेलं, निवडणूक गेलेली, आणि ज्या हातानं हे केलं त्याच हाताला ती न्यायला आली होती. जिन्यात उभी राहून हसली होती. आणि मी शिफ्टचं सांगितलं.

या दिवाळीपासून मी आमच्या सोसायटीत फेरी करते. अर्ज सगळे फोनवरून भरता येतात, तरी दार वाजवावं लागतंच. कधी मुलगी सोबत येते, कधी तिला क्लास असतो. दारं आता भारी आहेत, बेल वाजवली की आधी भिंगातून कुणीतरी बघतं. आतून उत्तर मात्र जुनंच येतं. तिचं नको, ती बंगलोरला जाणार. त्याचं नको, त्याचं कॅनडाचं चाललंय. माझा आवाज मोठा नाही, पण मी विचारते, "आज कुठं आहे?" आणि दारातून हलत नाही.

गेल्या खेपेला जुन्नरकडच्या याद्यांत त्या नावाच्या, त्या वयाच्या नऊ बायका सापडल्या. त्यातली ती कुठली, का कुठलीच नाही, मला कळायला मार्ग नाही. बाईंनाही आता तिच्या सासरचं आडनाव आठवत नाही. मी फेरीला आले आहे, एवढंच तिला कळवायचं आहे. नऊ जणींची नावं मी एका कागदावर उतरवून घेतली, स्वच्छ अक्षरात, आणि एकही गाळलं नाही.